गोल झाल्यावर हात कुठे ठेवावेत

एखादा समाज किती सुसंस्कृत आहे हे तो दुःख कसे सोसतो यावरून ठरत नाही. दुःख काय, सगळ्यांनाच सोसावे लागते. ते ठरते तो आनंद कसा आवरतो यावरून. या कसोटीवर उत्तर इंग्लंड जगाच्या पुष्कळ पुढे आहे आणि उत्तर इंग्लंडमध्ये आमचे ग्रिम्सवेल. आमच्याकडे बक्षीस लागलेला माणूस आधी शेजाऱ्यांची क्षमा मागतो, मग बायकोला सांगतो. (काही जण बायकोलाही सांगत नाहीत. इतकी थोर माणसे आता कमी होत चालली आहेत.)

फुटबॉलमध्ये या संस्कृतीने एका नियमाचे रूप घेतले आहे. पूर्वी ज्या क्लबकडून आपण खेळलो त्याच्याविरुद्ध आपल्या पायाने गोल झाला, तर तो साजरा करायचा नाही. धावायचे नाही, उडी मारायची नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. जेवताना कोणी आग्रहाने आणखी वाढायला लागले की आपण 'पुरे पुरे' म्हणून धरतो तसे दोन्ही तळवे पोटासमोर धरायचे आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून आपल्या जागेवर परत यायचे. साथीदारांनीही मिठ्या मारायच्या नाहीत. फार तर खांद्यावर हात, तोही सांत्वनाचा. यालाच खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. नियम कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे त्यात पळवाटही नाही.

आमच्या गावात या नियमाची देखरेख ग्रिम्सवेल टाउनच्या पाठीराख्यांची शिष्टाचार समिती करते. समिती 'वीव्हर्स आर्म्स' या पबच्या मागच्या खोलीत भरते आणि मी तिचा चिटणीस आहे. त्याशिवाय सामन्याच्या दिवशी मैदानावरचा भोंगा माझ्या ताब्यात असतो. गोल, हरवलेली मुले आणि दिवे चालू राहिलेल्या गाड्या हे तीन विषय माझ्याकडे. भोंगा बसवल्यापासून त्यातला एकही शब्द कोणाला समजलेला नाही, पण आवाजातला फरक कळतो. गोल आपला असेल तर मी शेवटचे अक्षर लांबवतो. समोरच्यांचा असेल तर गाडीच्या दिव्यांच्या आवाजात सांगून टाकतो. तेवढ्यावर आमचे छान चालले होते.

अडचण एवढीच, की नियम करणाऱ्यांनी आयुष्यात दोन-तीन क्लब बदलणारा खेळाडू डोळ्यांसमोर ठेवला होता. गॉर्डन थ्रेलफॉल त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

गॉर्डन आमच्याच गावचा. उंच, काटकुळा, आघाडीला खेळणारा. त्याने चौथ्या श्रेणीत आणि तिच्या आसपास एकोणीस क्लबांकडून मिळून एकशे सात गोल केले. हा आकडा फार मोठा नाही, पण ज्याला लक्षात ठेवायचा असेल त्याला सहज राहील असा आहे. इतके क्लब का, असे कोणी विचारील. त्यात त्याचा दोष नव्हता. चौथ्या श्रेणीत मॅनेजर ऋतूंप्रमाणे बदलतात. नवा मॅनेजर आला की म्हणतो, "मला अनुभवी माणूस हवा," आणि गॉर्डनला आणतो. त्याच्यानंतरचा म्हणतो, "मला ताजं रक्त हवं," आणि गॉर्डनला घालवतो. एका मॅनेजरला उंच माणसे आवडत नसत. एका क्लबने त्याला गवत कापायच्या यंत्राच्या बदल्यात दिले. (यंत्र अजून उत्तम चालते. सौदा दोन्ही बाजूंना लाभदायक ठरला असे समितीचे मत आहे.) एका ठिकाणी त्याची बॅग उघडायच्या आत मॅनेजर गेला, तेव्हा घरमालकिणीने त्याला सँडविच बांधून दिले आणि पुढच्या क्लबचा पत्ताही सांगितला, कारण तिच्याकडचे सगळे तिकडेच जात.

आता फुटबॉलमधला दुसरा नियम पाहू. जुना खेळाडू आपल्याविरुद्ध हमखास गोल करतो. याला शास्त्रीय आधार नाही, पण आमच्याकडे शास्त्रालाही तेवढा आधार नाही. गॉर्डनची कारकीर्द म्हणजे या नियमाची चालतीबोलती सिद्धता. तरुणपणी त्याचे जुने क्लब कमी होते, तेव्हा गोल कमी होत. जसजसे क्लब वाढले तसतसे गोल वाढले. पण दोन्ही नियम एकत्र धरले की निष्कर्ष असा निघतो, की जसजसे गोल वाढले तसतसा तो अधिकाधिक सुतकात राहू लागला. चौतिशी ओलांडून तो ग्रिम्सवेलला परतला तेव्हा श्रेणीतला जवळजवळ प्रत्येक क्लब त्याचा जुना क्लब होता. जे एखाद-दोन उरले होते त्यांची सोय समितीने केली. महिनाभर उसना खेळायला गेला असेल तो क्लब जुना. चाचणीला बोलावले असेल तो जुना. नुसती बोलणी करायला बोलावून जेवू घातले असेल तोही जुना, मग बोलणी फिसकटली का असेनात.

गॉर्डनने नियम कधीच मोडला नाही, असे नाही. तेविसाव्या वर्षी एकदा मोडला. पहिल्यांदा ग्रिम्सवेल सोडून गेल्यावर तो आमच्याच मैदानावर आमच्याविरुद्ध गोल करून नाचला. पोरवय. त्यानंतर दोन महिने त्याच्या आईला, एल्सीला, मासे आणि चिप्सच्या दुकानात रांगेत शेवटी उभे राहावे लागले. ती कितीही लवकर आली तरी. कोणी तिला एक शब्द बोलले नाही. (शब्द बोलणे आमच्या संस्कृतीत बसत नाही.) तेव्हा त्याच्या बापानेच, विल्फने, त्याला समोर बसवून सांगितले होते, "पोरा, ज्यांचं खाल्लं त्यांच्यापुढं नाचायचं नाही. गोल मार. खुशाल मार. पण हात खाली."

त्या दिवसापासून गॉर्डनचे हात खाली होते.

एल्सी पुढे वारली. विल्फ कापड गिरणीतून निवृत्त झाला, आणि गॉर्डन गावी परतला त्याच सुमारास म्हाताऱ्याची नजर गेली. पूर्ण नाही. माणसांचे आकार दिसत, चेहरे दिसत नसत. गिरणीने कान तर आधीच नेले होते. तरी घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना तो पाहायला यायचा, लोखंडी कठड्याला धरून पहिल्या रांगेत, मांडीवर थर्मास. आकार सारखेच दिसत असल्यामुळे त्याने एक युक्ती काढली होती. गोल झाल्यावर ज्या आकाराचे हात वर जातील त्याने गोल केला.

युक्ती चोख होती. तिच्यामुळे असे झाले, की चार वर्षांत विल्फने आपल्या मुलाला एकदाही गोल करताना पाहिले नाही. गोल गॉर्डन करायचा, तळवे पुढे धरून मान खाली घालून परत फिरायचा, आणि डेसमंड नावाचा आमचा डाव्या बाजूचा खेळाडू, जो कोणाच्याही गोलाला हात वर करी, हात वर करी. विल्फच्या हिशेबी सगळे गोल डेसमंडचे.

"पोरगं चांगलं आहे तुमचं ते डेसमंड," तो मला म्हणायचा. "आमचा गॉर्डन धडपडतो बिचारा. पण पायातच नाही त्याच्या, काय करायचं?"

"अहो विल्फ, आत्ताचा गोल गॉर्डनचाच होता," मी त्याच्या कानाशी ओरडायचो.

"हर्बर्ट, तू मनानं चांगला आहेस," तो म्हणायचा. "पण माझी समजूत घालू नकोस. मला दिसतं."

पेपर वाचून दाखवला तरी तेच. लोक दयेपोटी गॉर्डनचे नाव मध्ये घुसडतात अशी त्याची खात्री झाली होती. एकदा खुद्द गॉर्डनने सांगून पाहिले. "बाबा, आज दोन्ही मीच मारले." म्हातारा म्हणाला, "नाही जमलं तर नाही जमलं, पोरा. मला चालेल. पण बापाशी खोटं नको बोलूस." पुन्हा गॉर्डनने तो विषय काढला नाही.

हे सगळे समितीपुढे आले होते. मीच आणले होते. समितीने संबंधितांबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि नियम व्यक्तीपेक्षा मोठा असल्याची नोंद घेतली. डेसमंडने हात जरा कमी वर करावेत अशी सूचना आली होती, पण ती त्याच्या स्वातंत्र्यावरचे आक्रमण ठरली असती म्हणून मागे घेतली गेली.

मग एका वर्षी स्केल्डन रोव्हर्स खालून बढती मिळवून आमच्या श्रेणीत आले. गॉर्डन स्केल्डनकडून कधीही खेळला नव्हता. उसनाही नाही. तिकडचा सामना त्याने मांडीच्या दुखण्यामुळे बाकावर बसून काढला. इकडचा सामना मोसमातला शेवटचा होता, आणि गॉर्डनचाही शेवटचा. त्याचे गुडघे आता जिन्यावर आवाज करीत. त्यातच असे झाले, की हा सामना जिंकला तरच ग्रिम्सवेल श्रेणीत टिकणार होते. नाहीतर बाहेर. शंभर वर्षांचा क्लब शेतात मेंढ्यांच्या शेजारी खेळायला जाणार होता.

गावात दोन गोष्टींची चर्चा होती. क्लब वाचेल का, आणि गॉर्डन हात वर करील का. दुसऱ्या गोष्टीची जास्त होती. विल्फला कोणीतरी सांगितले होते. तो पबमध्ये मुलाला म्हणाला, "स्केल्डनचं तू काही खाल्लेलं नाहीस ना? झालं तर मग. एक मार, आणि दाखव मला."

"दाखवतो, बाबा," गॉर्डन म्हणाला. मी शेजारीच होतो. इतका साधा, इतका हावरट आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि मला त्याच्यासाठी फार बरे वाटले.

समितीला मात्र काळजी लागली. समितीत एडना क्रॅबट्री नावाच्या बाई आहेत. मैदानावरची चहाची टपरी त्यांची, आणि गेली तीस वर्षे कोणी किती साखर घेते यावरून त्या माणसाची पारख करतात. एडनाबाईंचे म्हणणे पडले, की एवढी खात्री बरी नाही, चौकशी केलेली बरी. त्यांची नणंद स्केल्डनला राहते. चौकशी झाली आणि सामन्याच्या आदल्या दिवशी निकाल हाती आला. गॉर्डन सतरा वर्षांचा असताना स्केल्डनच्या राखीव संघाने त्याला चाचणीला बोलावले होते. अर्धा तास खेळवले. नंतर नणंदेनेच त्याला पाई खायला दिली होती. मटणाची.

"खाल्ली का पण त्यानं?" मी विचारले. शेवटचा आधार म्हणून.

"दोन खाल्ल्या, बाळा," एडनाबाई म्हणाल्या. "पोरगं भुकेलेलं होतं, असं म्हणत होती ती."

यावर चर्चा होण्यासारखे काही उरले नाही. समितीने सभ्यपणे स्केल्डनला कळवले, आणि स्केल्डन आमच्याहून सभ्य निघाले. सामन्यापूर्वी त्यांचे अध्यक्ष श्री. एन्टविसल (गाद्यांचा कारखाना) मैदानाच्या मध्यभागी आले आणि आपल्या क्लबचा जुना, लाडका खेळाडू म्हणून त्यांनी गॉर्डनला काचेचा एक नक्षीदार वाडगा भेट दिला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. गॉर्डन वाडगा हातात धरून उभा होता. त्याला वाडग्याचे काय करावे हे कळत नव्हते, आणि बाकीचे सगळे कळले होते.

भोंग्यावरून ही घोषणा मीच केली. विल्फला अर्थातच काही समजले नाही. त्याने कठड्याजवळ बसून थर्मासमधला चहा ओतला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "नवा वाडगा कसला आणलाय? नाणेफेकीला?"

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाऊस नव्हता, वारा होता, आणि चेंडू बराच काळ दोन्ही संघांना टाळत होता. उत्तरार्ध संपत आला तरी गोल नाही. एडनाबाईंनी टपरीचा पडदा अर्धा ओढून घेतला, आणि सामना संपण्याआधी त्या तो कधीच ओढत नाहीत. शेवटी डेसमंडने डावीकडून एक वेडावाकडा चेंडू आत टाकला. गॉर्डन दोन बचावपटूंच्या मधून उठला. (ज्यांनी त्याचे गुडघे ऐकले होते त्यांना हे पटणार नाही.) त्याने डोके घातले आणि चेंडू जाळ्यात गेला.

डेसमंडने हात वर केले. सवयीने.

गॉर्डनचे तळवे पुढे आले. मी पाहिले, ते खरोखरच पोटापर्यंत आले होते. मान खाली जायला लागली होती. मग त्याने कठड्याकडे पाहिले. म्हातारा उभा होता, वाकून, डोळे बारीक करून, आणि त्याचे तोंड डेसमंडच्या दिशेला वळत होते.

तेव्हा गॉर्डन थ्रेलफॉल धावला. दोन्ही हात आभाळात, बोटे फाकलेली, तोंडाने काहीतरी ओरडत तो अख्खे मैदान आडवे धावला, श्री. एन्टविसल यांच्या अगदी समोरून. मध्येच त्याने उडी मारली. एवढे करून तो कठड्यापाशी पोहोचला आणि हात तसेच वर धरून बापापुढे धापा टाकत उभा राहिला.

मग पाहुण्यांच्या बाजूने हुर्यो सुरू झाली. आणि मग, हे मी अभिमानाने नमूद करतो, आमच्या बाजूनेही सुरू झाली. ज्या गोलाने आमचा क्लब वाचला त्या गोलाची आम्ही हुर्यो उडवली. तत्त्वनिष्ठेचे असे उदाहरण खेळाच्या इतिहासात दुसरे नसावे.

विल्फला हुर्यो ऐकू येत नव्हती. त्याने हात पुढे करून समोरच्या आकाराचे वर गेलेले दंड चाचपले, मग खांदे, मग चेहरा.

"तू होय?" तो म्हणाला. "मला वाटलं डेसमंड."

"मीच, बाबा," गॉर्डन त्याच्या कानाशी ओरडला.

"गोल मारलास?"

"मारला."

म्हातारा हसला. एवढा हसला, की काखेतला थर्मास पडला. मग त्याने मुलाच्या गालावर हलकेच एक चापट मारली आणि विचारले, "मग इतकी वर्षं काय करत होतास रे?"

"सराव करत होतो, बाबा," गॉर्डन म्हणाला.

मला शेवटचे अक्षर लांबवायचे होते. भोंग्याचे बटण मी दाबलेही होते. पण समितीची सगळी मंडळी माझ्या खोलीकडे पाहत होती, म्हणून निळ्या रंगाच्या एका गाडीचे दिवे चालू राहिले आहेत असे मी जाहीर केले. आवाज जरा हलला. भोंग्याचा दोष असावा.

ग्रिम्सवेल श्रेणीत टिकले. लोकांनी डेसमंडला खांद्यावर घेतले. समितीच्या पुढच्या बैठकीत गोलाचे अभिनंदन आणि गोल करणाऱ्याचा निषेध असे दोन ठराव एकमताने झाले. (एकमतात मीही होतो.) श्री. एन्टविसल यांनी वाडगा परत मागितला नाही, फक्त तो नीट पोहोचला का अशी तीनदा विचारणा केली. गॉर्डनने तो स्वतः नेऊन दिला. त्याच्या निरोपाचे जेवण ठरल्याप्रमाणे झाले. उत्सवमूर्तीला बोलावले नव्हते, त्यामुळे भाषणे आटोपशीर झाली. गॉर्डन हल्ली मासे आणि चिप्सच्या रांगेत शेवटी उभा राहतो, पण त्याचा हट्ट असा, की तो शिट्टी वाजवत उभा राहतो.

विल्फ रोज संध्याकाळी 'वीव्हर्स आर्म्स'मध्ये येतो आणि दिसेल त्या आकाराला धरून सांगतो, "माझ्या पोरानं आयुष्यात एकच गोल मारला. एकच. पण मी पाहिला." (तेविसाव्या वर्षीचा तो हिशेबात धरत नाही.) सुरुवातीला मी त्याला दुरुस्त करायचो. मग सोडून दिले. एकदा समितीत सहज विषय निघाला, की गॉर्डनचे बाकीचे गोल कसे होते. आम्ही सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते, शिस्तीत टाळ्याही वाजवल्या होत्या. कोणाला एकही आठवेना. एडनाबाईंना एक आठवला, पण तो डेसमंडचा निघाला.

तुम्ही हसला असाल. हसा. पण त्याचे एकूण गोल किती ते मी सुरुवातीला स्पष्ट सांगितले होते, लक्षात राहण्यासारखा आकडा आहे असेही म्हटले होते. सांगा बरे किती. वर बघायचे नाही. नाही ना आठवत? हरकत नाही. तो धावला तो गोल तेवढा आठवतो, आणि तेव्हा तुमच्याही मनात आले होते की थोडे आवरायला हवे होते. आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. या. चहा एडनाबाई देतील, साखर विचारून घ्या.